नेपल्सचे मँडोलिन जपानमध्ये कसे रुजले

इटलीतल्या नेपल्स शहरातील ‘कालाचे’ या वाद्ये बनवणाऱ्या घराण्याने मैफिलीसाठी बनवलेले जुने मँडोलिन समोर आले, तर सर्वांत बारीक तारेखालचे पडदे एकदा मोजून पाहावेत. साध्या मँडोलिनवर ते वीसच्या आत-बाहेर संपतात. या वाद्यावर मात्र पडद्यांची पट्टी दांडी संपल्यावरही थांबत नाही. ती तबलीवर, म्हणजे वाद्याच्या समोरच्या लाकडी फळीवर चढते, मधल्या छिद्राच्या काही भागावरून पुढे येते आणि २९व्या पडद्यापर्यंत जाते. घोडीपासून दांडीच्या वरच्या टोकापर्यंत तारेची वाजणारी लांबी साधारण ३३ सेंटिमीटर असते. या मापावर पहिल्या पडद्याचे घर जवळजवळ १.९ सेंटिमीटर रुंद येते, तर अगदी शेवटचे घर चार मिलिमीटरसुद्धा भरत नाही. प्रौढ माणसाच्या बोटाचे टोक त्याहून रुंद असते. म्हणजे तिथे बोट ठेवायचे तर ते जवळजवळ नखाच्या कडेवर, अचूक कोनात ठेवावे लागते, आणि स्वर निघाला तरी तो क्षणभरच टिकतो.

एखादा कारागीर असे पडदे कशासाठी बसवेल? केवळ दुकानात विकायला मँडोलिने बनवणाऱ्याला त्यांची काहीच गरज नव्हती. ती गरज तिथे वाजवू पाहणाऱ्याला होती, आणि राफाएले कालाचे यांच्या बाबतीत कारागीर, वादक आणि संगीतकार ही तिन्ही माणसे एकच होती. मँडोलिनच्या वादनावर आणि घडणीवर इटलीबाहेर त्यांचा जो प्रभाव पडला, तो समजून घ्यायचा असेल तर या एकाच गोष्टीपासून सुरुवात करावी लागते. सर्वांत खोल ठसा उमटला तो जपानमध्ये, आणि म्हणून या लेखात मुख्यतः जपानबद्दलच लिहिले आहे.

कालाचे यांचा जन्म नेपल्समध्ये १८६३ साली झाला आणि मृत्यूही त्याच शहरात १९३४ साली झाला. आजोबा निकोला आणि वडील अंतोनियो दोघेही तंतुवाद्ये बनवणारे. घराण्याच्या या धंद्याची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली. राफाएले यांनी घरच्या कार्यशाळेत हात तयार केला आणि नेपल्सच्या संगीत विद्यालयात रीतसर शिक्षणही घेतले. या दोन शाळा एकाच माणसाला सहसा मिळत नाहीत. लाकूड ओळखणाऱ्याला स्वररचनेचे शास्त्र येत नाही, आणि शास्त्र जाणणाऱ्याला तबलीची जाडी अर्ध्या मिलिमीटरने कमी केल्यावर आवाजात काय फरक पडतो, हे बोटांनी कळत नाही. कालाचे यांना दोन्ही कळत होते.

पुढचे समजायला वाद्याची रचना थोडी तपशिलात पाहायला हवी. नेपल्सच्या मँडोलिनला आठ तारा असतात, पण त्या चार जोड्यांत लावलेल्या असतात आणि प्रत्येक जोडीतल्या दोन्ही तारा एकाच स्वरात मिळवतात. या चार जोड्यांचे स्वर व्हायोलिनच्या चार तारांचेच असतात. त्यामुळे व्हायोलिनवादकाच्या डाव्या हाताला मँडोलिन परके वाटत नाही, आणि व्हायोलिनसाठी लिहिलेले पुष्कळ संगीत त्यावर वाजवून पाहता येते. पाठ सपाट नसून अर्ध्या कापलेल्या नासपतीसारखी फुगीर असते. ती एका लाकडात कोरलेली नसते. शिसवीच्या किंवा मेपलच्या अरुंद, पातळ पट्ट्या उष्णतेने वाकवून साच्यावर एकीला एक चिकटवत ती तयार करतात, आणि सांधे उकलू नयेत म्हणून आतून कागद किंवा कापड लावतात. चांगल्या वाद्यात या पट्ट्या वीस-तीसच्या घरात असतात आणि सगळ्या शेपटीकडच्या टोकाशी एकत्र येतात. तिथला सांधा बारकाईने पाहिला की कारागिराची योग्यता कळते.

समोरची तबली स्प्रूसच्या लाकडाची असते. ती सपाट दिसली तरी सपाट नसते. घोडीच्या किंचित मागे ती गरम करून आडवी मोडलेली असते, म्हणजे तिथे एक हलका उतार येतो. घोडी तबलीला चिकटवलेली नसते. तारांच्या दाबानेच ती जागेवर राहते. आठ पोलादी तारांचा हा खालच्या दिशेचा दाब पातळ तबलीला सहज खचवू शकतो, पण तो मोड कमानीचे काम करतो आणि तबली जाड न करता तो दाब पेलता येतो. अठराव्या शतकातल्या मँडोलिनला आतड्याच्या आणि पितळेच्या हलक्या तारा होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नेपल्सच्या पास्क्वाले विनाच्या यांनी पोलादी तारा, त्या ताणून धरणाऱ्या दातेरी चाकांच्या खुंट्या, खोल पोट आणि १७ पडद्यांची लांब पट्टी आणली. आपण ज्याला मँडोलिनचा खणखणीत आवाज म्हणतो, तो या बदलांतून आला. कालाचे यांना वारसा मिळाला तो विनाच्या यांच्या या वाद्याचा.

मँडोलिनची मुख्य अडचण मात्र तारा बदलून सुटणारी नव्हती. नखीने छेडलेला स्वर उमटतो आणि लगेच विरू लागतो. इतक्या आखूड तारेवर तर तो फारच लवकर विरतो. व्हायोलिनचा गज किंवा बासरीची फुंक स्वराला जिवंत ठेवते, ती सोय इथे नाही. त्यावरचा उपाय म्हणजे ट्रेमोलो. नखी तारांच्या जोडीवर इतक्या वेगाने वर-खाली फिरवायची की एकेक आघात सुटा ऐकू न येता एक अखंड, थरथरता स्वर ऐकू यावा. जोडतारांचा खरा उपयोग इथे कळतो, कारण नखी एका तारेवरून दुसरीवर जाते तेव्हा दोन्ही आघात एकमेकांत मिसळतात आणि मध्ये पोकळी राहत नाही. संतूरवर लांब स्वर टिकवताना वादक कलमांची जी जलद सळसळ करतात, ती ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे तत्त्व लगेच लक्षात येईल.

याच जोडतारा भारतीय संगीताच्या मात्र आड येतात. दोन तारा एकत्र खेचून मिंड घेणे किंवा गमक काढणे फार अवघड असते, आणि म्हणूनच कर्नाटक संगीतात मँडोलिनला मानाचे स्थान मिळवून देणाऱ्या यू. श्रीनिवास यांनी विजेवर चालणारे, सुट्या पाच तारांचे मँडोलिन घेतले. हिंदी चित्रपटसंगीतात आपण जे मँडोलिन ऐकत आलो (लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर मुळात मँडोलिनवादकच होते), त्यात ट्रेमोलोच्या लडी भरपूर असतात आणि त्यांचे मूळ इटलीच्या या वादनपद्धतीत आहे. मुद्दा असा की वाद्याची घडण आणि त्यावर वाजणारे संगीत एकमेकांना घडवत असतात, आणि एक बदलले की दुसरे बदलावेच लागते.

कालाचे यांनी सुमारे दोनशे रचना लिहिल्या. त्यांत मँडोलिन आणि पियानोसाठीचे कॉन्चेर्टो (एकल वाद्याला साथीसह पुढे आणणाऱ्या मोठ्या रचना) आहेत, नृत्यधुना आहेत. पण त्यांचे खरे सामर्थ्य एकट्या मँडोलिनसाठी लिहिलेल्या प्रेल्यूडांत, म्हणजे छोट्या मुक्त रचनांत दिसते, असे माझे ठाम मत आहे. सोबतीला पियानो नाही, गिटार नाही. चार जोडतारांवर एकाच माणसाने सारे काही उभे करायचे आहे. त्यासाठी ते अशी युक्ती वापरतात की वरच्या तारेवर ट्रेमोलोने सलग धून चालू राहते, आणि मध्येच नखी क्षणभर खाली येऊन खालच्या तारांवर साथीचे सुटे स्वर छेडून परत वर जाते. ऐकणाऱ्याला धून कुठे तुटल्यासारखी वाटत नाही आणि दोन वादक वाजवत आहेत असा भास होतो. याशिवाय नखी एकाच दिशेने तीन-चार जोड्यांवरून घसरवत काढलेले स्वरसमूह, डाव्या हाताच्या बोटांनी तार खुडणे, पडद्यावर बोट न दाबता नुसते टेकवून काढलेले घंटेसारखे स्वर हे सारे त्यांत येते. या रचना वाजवायच्या तर वरच्या सप्तकातले पडदे लागतात, प्रत्येक पडद्यावर नेमका सूर लागावा लागतो आणि तबलीने हळुवार आघातालाही उत्तर द्यावे लागते. साध्या वाद्यावर त्या वाजवल्या की त्यातले अर्धे हरवते. म्हणून त्यांची मँडोलिने आणि त्यांच्या रचना वेगळ्या काढून समजत नाहीत. २९वा पडदा कारागिराने बसवला तो संगीतकाराच्या सांगण्यावरून.

त्यांनी जोपासलेले दुसरे वाद्य म्हणजे लिउतो कांताबिले, शब्दशः ‘गाणारे ल्यूट’. दिसायला ते मोठ्या मँडोलिनसारखे, पण त्याला पाच जोडतारा असतात. खालच्या चार जोड्या चेलोच्या (व्हायोलिनसारख्याच पण मोठ्या, खर्जातल्या वाद्याच्या) स्वरांत मिळवतात आणि वर मँडोलिनच्या पहिल्या तारेच्या सप्तकभर खालची एक जोडी येते. त्यामुळे चेलोचा खर्ज आणि उंच सुरातले गाणे दोन्ही एकाच वाद्यात मिळते. कालाचे स्वतः हे वाद्य मैफिलीत वाजवत आणि त्यासाठी त्यांनी स्वतंत्र रचनाही केल्या. मँडोलिन शिकणाऱ्यांसाठी त्यांनी अनेक भागांची अभ्यासपुस्तकेही लिहिली. वाद्य, रचना आणि शिकवण्याची पद्धत या तिन्ही गोष्टी एकाच नावाखाली मिळणे, हे दूरच्या देशातल्या विद्यार्थ्यासाठी किती मोलाचे असेल याची कल्पना करता येते.

इटालियन मँडोलिन परदेशी गेले की त्याचे काय होते, याचे दुसरे उदाहरण अमेरिकेचे आहे, आणि तुलनेसाठी ते थोडक्यात पाहावे लागेल. १८८० च्या जानेवारीत स्पेनमधील विद्यार्थी-वेशातील एक वाद्यवृंद न्यूयॉर्कमध्ये आला आणि लोकप्रिय झाला. त्यांचे वाद्य मँडोलिन नव्हते, ते स्पेनचे बांदुरिया होते. कार्लो कुर्ती या इटालियन संगीतकाराने न्यूयॉर्कमधल्या इटालियन वादकांना जमवून तसाच वेश चढवला, हाती मँडोलिने दिली आणि ‘स्पॅनिश विद्यार्थी’ म्हणून कार्यक्रम सुरू केले. त्यातून अमेरिकेत मँडोलिनची लाट उसळली. पण तिथे आले ते वाद्य आणि त्याची लोकप्रियता. त्यामागचे अभ्याससंगीत त्या प्रमाणात रुजले नाही. मिशिगनमधल्या कलामझू गावी ऑर्विल गिब्सन यांनी व्हायोलिनसारखी कोरलेली तबली आणि जवळजवळ सपाट पाठ असलेले मँडोलिन बनवले; त्याचे पेटंट १८९८ सालचे आहे. ते वाद्य मांडीवरून घसरत नाही, त्याचा आवाज भरदार असतो, आणि पुढे ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीताच्या प्रकारात तालावर तारा दाबून जो ठोका मारतात तो त्यावर उत्तम बसतो. तिथल्या लोकांना जे वाजवायचे होते त्याला फुगीर पाठीची गरज नव्हती, म्हणून ती पाठ मागे पडली.

जपानमध्ये नेमके उलटे घडले, आणि त्याची कारणे कालाचे तिथे पोहोचण्याआधीपासून तयार होत होती. नखीने तार छेडण्याची कल्पना जपानी कानाला नवी नव्हती. शामिसेन आणि नासपतीच्या आकाराचे बिवा ही दोन्ही वाद्ये तशीच वाजतात. युरोपात संगीत शिकून आलेल्या केनपाची हिरुमा यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत टोकियोत मँडोलिन शिकवायला सुरुवात केली. आधुनिक जपानी कवितेतले मोठे नाव असलेले साकुतारो हागिवारा हे त्यांच्याकडे शिकले आणि आपल्या माएबाशी गावी त्यांनी वाद्यवृंदही उभारला. १९११ साली आदोल्फो सारकोली हा इटालियन गायक जपानमध्ये आला आणि १९३६ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिला. तो गाण्याबरोबर मँडोलिन आणि गिटारही शिकवत असे. याच काळात केइओ आणि दोशिशा यांसारख्या विद्यापीठांत विद्यार्थ्यांची मँडोलिन मंडळे निघाली. विद्यापीठातले मंडळ म्हणजे दरवर्षी नवे विद्यार्थी येणार, जुने त्यांना शिकवणार, आणि साऱ्यांना मिळून वाजवायला लिहिलेले संगीत लागणार. ते संगीत इटलीतून येत होते. राजघराण्याच्या सेवेत असलेले बॅरन मोरिशिगे ताकेई यांनी स्वतःचा वाद्यवृंद स्थापला, इटालियन मँडोलिन-संगीत आस्थेने जमवले आणि स्वतः रचनाही केल्या.

अशा जमिनीवर कालाचे १९२४ च्या अखेरीस येऊन उभे राहिले. त्यांचे वय तेव्हा साठीच्या पुढे होते. सप्टेंबर १९२३ च्या भूकंपाने आणि त्यानंतरच्या आगीने टोकियोचा मोठा भाग नष्ट केला होता आणि शहर अजून उभे राहत होते. त्यांचे जपानमध्ये मोठे स्वागत झाले. १९२५ पर्यंत चाललेल्या या दौऱ्यात त्यांनी मैफिली केल्या आणि त्या वेळी सम्राटाच्या वतीने कारभार पाहणाऱ्या युवराज हिरोहितो यांच्यासमोरही वादन केले.

कालाचे यांनी जपानला मँडोलिन दिले, असे म्हणणे चुकीचे ठरेल. मँडोलिन तिथे आधीच होते, शिक्षक होते, मंडळे होती. मग दौऱ्याने फरक काय पडला? माझ्या समजुतीप्रमाणे फरक ऐकण्याचा होता. छापील स्वरलिपीत ट्रेमोलो म्हणजे स्वराच्या दांडीवर ओढलेल्या दोन-तीन आडव्या रेघा. त्या रेघा किती वेगाने वाजवायच्या, वाक्याच्या सुरुवातीला नखी किती हळुवार फिरवायची, धून चालू असताना साथीचा स्वर किती दबका ठेवायचा, हे कागदावर उतरत नाही. आपल्याकडे गुरूसमोर बसून जे मिळते ते पुस्तकातून मिळत नाही, असे आपण म्हणतो ते याच अर्थाने. ज्या विद्यार्थ्यांनी कालाचे यांची प्रेल्यूडे नुसती कागदावर पाहिली असतील, त्यांना ती लिहिणाऱ्याच्या हातून, त्याने स्वतः बनवलेल्या वाद्यावर ऐकायला मिळाली. मँडोलिन हे फक्त वाद्यवृंदात मिसळण्याचे वाद्य नसून एकट्याने मैफल पेलणारे वाद्य आहे, आणि त्यासाठी वाद्यही त्या तोडीचे लागते, या दोन्ही गोष्टी त्यातून एकाच वेळी दिसल्या.

घडणीवर याचा परिणाम काय झाला, हे आजच्या जपानी मंडळांच्या मंचावर नजर टाकली तरी कळते. तिथे फुगीर पाठीची मँडोलिनेच प्रामुख्याने दिसतात. जपानी कारागिरांनी आदर्श मानला तो इटलीचा: नेपल्समधील कालाचे यांचा, आणि रोमच्या लुईजी एम्बेर्घर यांचा, ज्यांच्या वाद्याची दांडी अधिक सडपातळ आणि पडद्यांच्या पट्टीचा पृष्ठभाग किंचित बाकदार असे. नागोया येथे शामिसेन बनवणाऱ्या घरात जन्मून पुढे व्हायोलिनचा मोठा कारखाना उभारणारे मासाकिची सुझुकी यांच्याकडेही मँडोलिने तयार होत. (मुलांना व्हायोलिन शिकवण्याच्या जगप्रसिद्ध सुझुकी पद्धतीचे प्रवर्तक शिनिची सुझुकी हे त्यांचेच पुत्र.) मँडोलिनच्या जोडीला एक सप्तक खाली वाजणारा मँडोला, चेलोच्या स्वरांतला मँडोचेलो, गिटार आणि डबल बास अशी वाद्यवृंदाची रचनाही इटालियन नमुन्यावरच स्थिरावली. अमेरिकेत जी पाठ मागे पडली ती जपानमध्ये टिकली, याचे कारण जपानी कारागीर अधिक परंपरानिष्ठ होते असे नाही. तिथले वादक जे संगीत वाजवत होते ते त्याच पाठीच्या वाद्यासाठी लिहिलेले होते. त्या संगीताला लागणारा तीव्र, चटकन उमटणारा आणि वरच्या सप्तकात स्वच्छ राहणारा आवाज फुगीर पाठीच्या हलक्या वाद्यातूनच निघतो.

हे वादन विद्यापीठांपुरते राहिले नाही. मासाओ कोगा या विद्यार्थ्याने १९२३ साली मेइजी विद्यापीठात मँडोलिन मंडळ स्थापण्यात पुढाकार घेतला. तेच पुढे जपानच्या लोकप्रिय गीतांचे अत्यंत गाजलेले संगीतकार झाले, आणि गिटार-मँडोलिनच्या साथीने ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या चालींना लोक ‘कोगा धुना’ म्हणू लागले. इटलीच्या ट्रेमोलोचा थरथरता स्वर अशा रीतीने जपानच्या साध्या माणसाच्या गुणगुणण्यात गेला, आणि तोवर तो परदेशी आहे ही जाणीवही पुसट होत गेली असावी.

युद्धानंतर हिरोशी ओगुरी यांच्यासारख्या संगीतकारांनी मँडोलिन वाद्यवृंदासाठी जपानी लोकसंगीताच्या वळणाच्या रचना केल्या, आणि नागोयाच्या जिरो नाकानो यांनी जुन्या इटालियन मँडोलिन-संगीताचा मोठा संग्रह जतन केला. एकट्या मँडोलिनची वाट मात्र सर्वांत पुढे नेली ती यासुओ कुवाहारा यांनी. ते १९४६ साली जन्मले आणि २००३ मध्ये गेले. त्यांच्या एकल रचनांत कालाचे यांच्या प्रेल्यूडांतली सारी सामग्री ओळखू येते: ट्रेमोलोची सलग धून, तिच्याखाली छेडलेली साथ, जोड्यांवरून घसरणारी नखी. फक्त त्यांचे स्वरविश्व नेपल्सचे नाही; एखाद्या स्वरानंतर ते जी लांब शांतता ठेवतात तशी कालाचे यांनी ठेवली नसती. या रचना जपानबाहेर जर्मनीत विशेष आवडीने वाजवल्या जातात. तिथे मँडोलिन संगीत विद्यालयांत शिकवले जाते आणि जर्मन कारागिरांनी अधिक खोल पोटाचे, मऊ आवाजाचे, पण फुगीर पाठीचेच मँडोलिन घडवले आहे. आता त्या वाद्यावर जर्मन विद्यार्थी कुवाहारांची रचना बसवतात, आणि ती बसवताना त्यांना आधी कालाचे यांची प्रेल्यूडे वाजवता यावी लागतात.